हेडलाइट बदलणे व फोकस लावणे : माझदा एमएक्स-५

माझदा कंपनीच्या एमएक्स-५ या दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्‌स कारच्या पहिल्या पिढीतील (१९८९–९७) मूळ दिवे काढून बाजारात मिळणारे दुसरे दिवे बसवणे आणि त्यांच्या झोताची दिशा ठरवणे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली. अमेरिकेत ती मियाटा या नावाने ओळखली जाते. बॉनेटच्या कडेतून मोटरने वर उचलले जाणारे आणि मिटल्यावर पत्र्यात दडून जाणारे दिवे ही या पिढीची खूण. पुढच्या पिढीत ते राहिले नाहीत.

यंत्रणा अशी देखणी असली तरी आतला दिवा साधा ७ इंची (१७८ मिमी) गोल आहे. १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकेत हेच माप सक्तीचे होते आणि नंतरही चालू राहिले. आपल्याकडे जीप आणि बुलेटवर दिसणारा गोल दिवा याच मापाचा. त्यामुळे या गाडीत बसणारा दिवा सहज मिळतो. तो योग्य आहे का, हा प्रश्न निराळा.

अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत ‘सील्ड बीम’ असे, म्हणजे काच, परावर्तक आणि तार एकाच बंद भांड्यात. तार तुटली की अख्खा दिवा टाकायचा. त्याच्या जागी सहसा एच-४ बल्बचा (१२ व्होल्ट, ६०/५५ वॉट) दिवा घेतात. या बल्बची रचना समजली की पुढचे सगळे समजते. आत दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते; ती खालच्या अर्ध्या परावर्तकावर प्रकाश पडू देत नाही. त्यामुळे झोताला वरून सरळ कापल्यासारखी कड येते. वाटीची एक बाजू १५ अंशांनी उतरती असते, म्हणून रस्त्याच्या कडेकडे ही रेषा तेवढीच वर चढते आणि पादचारी, पाट्या दिसतात. हे सारे तारेच्या जागेवर अवलंबून आहे. एच-४ साठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब खुपसला तर प्रकाश नेमका त्या जागेहून निघत नाही, कड विरते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्वतःला जास्त दिसल्यासारखे वाटते, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही.

दुसरी अडचण वाहतुकीच्या बाजूची. जपान, ब्रिटन, भारत येथे गाड्या डावीकडून चालतात; अमेरिकेत आणि युरोपच्या बहुतेक भागात उजवीकडून. एका बाजूसाठी बनवलेला दिवा दुसरीकडे वापरला तर ती चढती रेषा थेट येणाऱ्या गाडीवर पडते. युरोपीय मान्यतेच्या काचेवर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर असते. फक्त डाव्या वाहतुकीच्या दिव्यावर, समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताकडे रोखलेला बाण असतो. उजव्या वाहतुकीच्या दिव्यावर बाण नसतो. अमेरिकेचे संघीय मानक १०८ वेगळे आहे. केवळ युरोपीय खूण तिथे पुरत नाही.

बसवण्याचे काम तासाभराचे. डॅशबोर्डवरच्या बटणाने दिवे वर करून बॅटरीची तार काढावी, नाहीतर मोटर फिरून बोटे सापडू शकतात. बॅटरी उतरलेली असल्यास मोटरवरची मूठ हाताने फिरवूनही दिवा वर येतो. मग प्लॅस्टिकचे आवरण आणि दिवा धरणारी कडी काढायची. कडीचे स्क्रू गंजलेले असतात, त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल द्यावे. फोकसचे दोन स्क्रू निराळे. या वेळी त्यांना हात लावू नये. बल्बच्या काचेला बोट लागता कामा नये.

दिवे मंद वाटत असतील तर आधी वायरिंग तपासावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. हॅलोजन बल्बला १० टक्के कमी व्होल्टेज मिळाले तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या तारा आणि झिजलेल्या स्विचमधून एवढी घट सहज होते. बॅटरीवरून जाड तार आणि रिले दिला की कित्येकदा जुनेच दिवे पुरे पडतात. शंभर वॉटचे बल्ब घालणे हा उपाय नव्हे. त्याने कनेक्टर वितळतात.

फोकस लावताना सपाट जमीन आणि भिंत हवी. टायरमध्ये योग्य हवा, टाकीत नेहमीएवढे पेट्रोल आणि चालकाच्या जागी त्याच्या वजनाचा माणूस असावा. सुमारे टनभराच्या या गाडीत एका माणसानेही नाकाचा कल बदलतो. पुढचा भाग दोनदा दाबून सोडावा, म्हणजे स्प्रिंगा नेहमीच्या जागी येतात. गाडी भिंतीपासून १० मीटरवर ठेवून दिव्याच्या मध्याची उंची चिकटपट्टीने भिंतीवर उतरवावी आणि डिपरची सरळ कड तिच्या १० सेंमी खाली आणावी. एका वेळी एकच दिवा उघडा, दुसरा झाकलेला. चढती रेषा जिथून सुरू होते तो कोन दिव्याच्या मध्याच्या सरळ खाली यावा. अप्पर वेगळा लावावा लागत नाही. परावर्तक एकच असतो.

हा एक टक्क्याचा उतार क्षुल्लक वाटतो. पण ६० सेंमी उंचीच्या दिव्याची कड त्याने ६० मीटरवर रस्त्याला टेकते. तीच एक टक्का वर गेली तर ५० मीटरवर ११० सेंमी उंचीला पोचते, म्हणजे लहान गाडीतल्या चालकाच्या डोळ्यांपाशी. स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतली असेल तर मोजमाप पुन्हा करावे.

शेवटी दिवे चार-पाच वेळा मिटून उघडावेत. कड दर वेळी पट्टीखाली त्याच जागी आली नाही, तर दिवा उचलणाऱ्या सांध्यांत प्ले आहे. तो काढल्याशिवाय फोकस टिकत नाही.