अमेरिकेतील मावळलेली राष्ट्रे

मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांचे सेवक संत डेमियन यांची कथा आपल्या धर्मग्रामांतील मुलेही जाणतात. परंतु १८७३ साली ते त्या बेटावर उतरले, तेव्हा ते अमेरिकेत उतरले नव्हते, हे सहसा ध्यानात येत नाही. हवाई हे त्या काळी स्वतंत्र राज्य होते. त्याला राजा होता, संविधान होते. ब्रिटन व फ्रान्स यांनी १८४३ मध्येच त्याचे स्वातंत्र्य मान्य केले होते.

अमेरिकेचा एखादा प्रदेश स्वतंत्र देश म्हणून नांदू शकेल काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. कोणत्याही राज्याला स्वतःच्या मर्जीने संघराज्य सोडता येत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये दिला आहे. तरीही हा प्रश्न आम्ही निरर्थक मानत नाही. इतिहासाने त्याचे उत्तर काही अंशी देऊन ठेवले आहे.

टेक्सास १८३६ ते १८४५ स्वतंत्र प्रजासत्ताक होते. भूमी विस्तीर्ण, कापसाचे पीक मोठे. तरी अखेरीस डोक्यावर सुमारे १ कोटी डॉलरचे कर्ज उरले. ज्या मेक्सिकोपासून ते फुटले, त्याने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती; टेक्सासच्या संविधानाने मात्र तिला संरक्षण दिले. काहींचे स्वातंत्र्य इतरांच्या बेड्यांवर उभे होते.

उत्तरेकडील डोंगराळ, चिमुकले व्हरमाँट १७७७ ते १७९१ असे चौदा वर्षे स्वतःच्या बळावर चालले. त्याने स्वतःची नाणी पाडली आणि पहिल्याच संविधानात प्रौढांच्या गुलामगिरीला मनाई केली. शेजारच्या न्यूयॉर्कशी असलेला जमिनीचा तंटा त्याने ३०,००० डॉलर देऊन मिटवला आणि चौदावे राज्य म्हणून ते संघराज्यात आले.

आज कॅलिफोर्नियाला देश मानले, तर जगातील मोजक्या बड्या अर्थव्यवस्थांत त्याची गणना होईल. पण त्याच्या दक्षिण भागातील शेते व शहरे कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर बरीच विसंबून आहेत, आणि ती नदी येते परराज्यांतून. तिजोरी आपली, पण पाणी शेजाऱ्याच्या हाती!

हवाईची कथा सर्वांत दुःखद. त्याची साखर मुख्यतः एकाच गिऱ्हाइकाकडे, अमेरिकेकडे, जात असे. १८९३ मध्ये साखरमळ्यांशी हितसंबंध असलेल्या मंडळींनी अमेरिकी नौसैनिकांच्या छायेत राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. रक्तपात टाळण्यासाठी ती बाजूला झाली. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने त्याबद्दल क्षमा मागितली.

तेव्हा केवळ संपत्तीने राष्ट्र उभे राहत नाही. शेजाऱ्यांशी सलोखा हवा, एकाच दारावर पोट नसावे आणि दुर्बलांना न्याय मिळावा. न्यायावाचून राज्य व लुटारूंची टोळी यांत भेद उरत नाही, असे संत ऑगस्टीन यांनी पूर्वीच बजावले होते. हवाईचे राज्यही निर्दोष नव्हते; कुष्ठरोग्यांना मोलोकाईवर हद्दपार करणारा कायदा त्याचाच.

वॉशिंग्टनच्या संसदभवनात प्रत्येक राज्याला दोन पुतळे ठेवता येतात. हवाईने एक दिला बेटांना एका छत्राखाली आणणाऱ्या राजा कामेहामेहा यांचा. दुसरा, त्या हद्दपारांचे घाव धुणाऱ्या फादर डेमियन यांचा. राज्य गेले, पण त्या लोकांनी आपले मोठेपण कशात मानले, हे आम्हांस त्या दुसऱ्या पुतळ्यात दिसते.