एक मेज, अनेक कामें

मनुष्याचें मन एका वेळीं एकाच कामांत रमतें. पण संसार त्याच्यापुढें एकाच वेळीं दहा कामें आणून ठेवतो. पत्र अर्धें लिहून झालें आहे, तोंच हिशेबाची वही उघडावी लागते. बेरीज चालू असतां दारांत कोणी येऊन उभा राहतो. हातांतलें काम खालीं ठेवणें कोणालाही जमतें. तें पुन्हां उचलतांना सुटलेला धागा नेमका सांपडणें, हीच खरी अडचण होय. संगणकाच्या पडद्यावर जो ‘डेस्कटॉप’, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, दिसतो, त्याचा इतिहास हा मुख्यतः या एका अडचणीवर मात करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

मेजाची ही कल्पना अशा पडद्याहूनही जुनी आहे. जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञानें ‘मेमेक्स’ नांवाच्या एका काल्पनिक यंत्राचें वर्णन केलें. हें यंत्र म्हणजे एक मेजच होतें. त्याच्या पोटांत सूक्ष्मचित्रांच्या रूपानें सांठविलेले ग्रंथ, वर तिरपे पडदे, बाजूस कळा आणि तरफा. वाचकानें दोन लेख शेजारीं-शेजारीं उघडावे, त्यांच्यांत दुवा जोडावा, आणि पुढें कित्येक वर्षांनीं त्याच वाटेनें परत यावें, अशी ती योजना होती. तें यंत्र कधीं बनलें नाहीं. पण सोडलेल्या जागीं परत येतां आलें पाहिजे, ही मागणी मात्र लोकांपुढें आली.

हा लेख डग्लस एंगेलबार्ट या तरुणानें नौदलाच्या नोकरींत फिलिपाइन्समध्यें असतां वाचला होता. पुढें ९ डिसेंबर १९६८ रोजीं त्यानें सॅन फ्रान्सिस्को येथें सुमारें हजार तज्ज्ञांपुढें नव्वद मिनिटांचें एक प्रात्यक्षिक केलें. हातानें सरकवावयाचा ‘माउस’ आणि त्याच्या इशाऱ्यानें पडद्यावर हलणारा मजकूर त्या सभेनें पाहिला. त्यानंतर १९७० सालीं झेरॉक्स कंपनीनें कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें संशोधनशाळा काढली, आणि १९७३ सालीं तेथें ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभ्या कागदाच्या आकाराचा होता. लहानशा पडद्यावर पुष्कळ मजकूर कसा मावावा, या प्रश्नाला ॲलन के यानें साधें उत्तर दिलें: मेजावर कागद जसे एकावर एक पडलेले असतात, तशाच पडद्यावरील चौकटी एकमेकींवर असाव्या, जिला हात लागेल ती वर यावी. या चौकटींनाच ‘विंडो’ म्हणजे खिडकी हें नांव रूढ झालें.

१९८१ सालीं झेरॉक्सनें ‘स्टार’ हा संगणक विक्रीस काढला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, येणाऱ्या टपालाची आणि जाणाऱ्या टपालाची पेटी, अशीं कचेरींतील वस्तूंचीं लहान चित्रें होतीं. परंतु त्यांतील खिडक्या सामान्यतः एकमेकींवर चढत नसत, शेजारीं-शेजारीं बसत. येथूनच दोन मतें दिसूं लागतात. खिडक्या शेजारीं मांडल्या, तर कांहीं झांकलें जात नाहीं, पण प्रत्येकीच्या वांट्याला चिंचोळी जागा येते. एकावर एक ठेवल्या, तर जागा भरपूर मिळते, पण खालची खिडकी डोळ्यांआड होते. आणि डोळ्यांआड झालेलें काम मनांतूनही जातें.

ॲपल कंपनीनें दुसरा मार्ग पत्करला. जानेवारी १९८४ मध्यें आलेल्या तिच्या ‘मॅकिंटॉश’मध्यें मेज धन्याच्या आवडीप्रमाणें सजविण्याची एक लहानशी सोय होती. आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकोनांत हवी ती नक्षी काढावी, आणि तीच सबंध मेजावर पसरावी. सोय क्षुल्लक, पण तिचा अर्थ मोठा होता: कारखान्यांतून आलेलें मेज घरीं आल्यावर ज्याचें त्याचें होऊं शकत होतें. मात्र त्या यंत्राची स्मृति अवघी १२८ किलोबाइट होती, आणि तींत एका वेळीं एकच मोठा प्रोग्रॅम चाले. लेखनांतून चित्रकलेकडे वळावयाचें, तर लेखनाचा प्रोग्रॅम बंद करून दुसरा उघडावा लागे. १९८५ सालीं अँडी हर्ट्झफेल्ड यानें ‘स्विचर’ नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या योगानें अधिक स्मृतीच्या मॅकिंटॉशवर कित्येक प्रोग्रॅम एकदम उघडे ठेवतां येत. एकाकडून दुसऱ्याकडे जातांना पडदा बाजूस सरके, आणि मागचें काम जसेंच्या तसें जागीं राही.

मायक्रोसॉफ्टची पहिली ‘विंडोज’ त्याच वर्षीं नोव्हेंबरांत निघाली. तींत खिडक्या फरशांप्रमाणें शेजारीं-शेजारीं होत्या. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्या एकमेकींवर चढूं लागल्या. दरम्यान १९८६ सालीं झेरॉक्सच्याच ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनीं या प्रश्नाचें मूळ शोधलें. त्यांना असें आढळलें कीं, मनुष्य सर्व खिडक्या सारख्याच वापरीत नाहीं. एक काम चालू असतां ठराविक दोन-चार खिडक्यांतच तो फिरतो. काम बदललें कीं सगळा संचच बदलतो. म्हणून त्यांनीं ‘रूम्स’ म्हणजे ‘दालनें’ ही पद्धति सुचविली. जुन्या दप्तरांत एकेका प्रकरणाचे कागद एकेका रुमालांत बांधीत, तद्वत् एकेका कामाच्या खिडक्या एकेका दालनांत ठेवावयाच्या, आणि दारांतून जावें तसें एका दालनांतून दुसऱ्यांत जावयाचें.

हा उपाय सामान्य माणसाच्या घरीं पोंचण्यास मात्र फार काळ लागला. तोंपर्यंत त्याला दोन कळांचा आधार मिळाला. ‘ऑल्ट’ ही कळ दाबून धरून ‘टॅब’ दाबली, कीं विंडोजमध्यें मागचा प्रोग्रॅम पुढें येई. १९९२ च्या ३.१ या आवृत्तींत त्याचें नांव पडद्याच्या मध्यावर एका चौकटींत दिसे. या युक्तीचें मर्म तिच्या क्रमांत आहे. नुकतें सोडलेलें काम पहिलें, त्याच्या आधींचें दुसरें, असा तो क्रम असतो. म्हणून पत्र आणि हिशेब या दोहोंत येरझारा घालणाऱ्यास शोधावें असें कांहीं उरतच नाहीं; एका दाबानें हिशेब, पुन्हां एका दाबानें पत्र.

तरीही नवशिक्यांची अडचण राहिलीच. मायक्रोसॉफ्टनें लोकांना यंत्रापुढें बसवून पाहिलें, तेव्हां झांकली गेलेली खिडकी म्हणजे हरवलेली खिडकी, असेंच पुष्कळांना वाटतें असें दिसून आलें. म्हणून २४ ऑगस्ट १९९५ रोजीं आलेल्या ‘विंडोज ९५’मध्यें पडद्याच्या तळाशीं एक पट्टी कायमची बसविली गेली. उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचें बटण त्या पट्टीवर दिसे, आणि डाव्या कोपऱ्यांत ‘स्टार्ट’ हें बटण असे.

सतरा वर्षांत कोट्यवधि हातांना त्या कोपऱ्याची संवय जडली. मग ऑक्टोबर २०१२ मध्यें ‘विंडोज ८’ आली, आणि तें बटण तेथून नाहींसें झालें. बोटानें चालणाऱ्या पडद्यांच्या दृष्टीनें रंगीत फरशांचा एक नवा फलक प्रथमदर्शनीं आला. जुनें मेज त्याच्या मागें गेलें. बदल करणारांचा हेतु वाईट नव्हता. पण वर्षानुवर्षें जेथें हात जात आला, तेथें तो रिकामा परतूं लागला, आणि तक्रारींचा गदारोळ उठला. ऑक्टोबर २०१३ मध्यें बटण परत आलें. जुलै २०१५ च्या ‘विंडोज १०’मध्यें त्यामागची यादीही परतली, आणि तिच्याबरोबर अनेक मेजें मांडण्याची, म्हणजे हेंडरसन-कार्ड यांच्या दालनांची, सोयही विंडोजमध्यें आली. या सर्व उलथापालथींत ऑल्ट आणि टॅब ही जोडी तेवढी जागची हलली नाहीं.

मेज बनविणारा एक आणि त्यावर बसणारा दुसरा, ही गोष्ट या इतिहासांत वारंवार विसरली गेली, आणि प्रत्येक वेळीं ती बसणाऱ्यानेंच आठवून दिली. ज्यानें नेहमींचे प्रोग्रॅम तळाच्या पट्टीवर ठराविक क्रमानें लावले, पत्रव्यवहाराला एक मेज व हिशेबाला दुसरें दिलें, आणि दोन कळांची संवय बोटांना लावली, त्यानें यंत्र सजविलें असें म्हणण्यापेक्षां आपलें लक्ष सुरक्षित केलें असें म्हणणें योग्य होईल. दारांत आलेला पाहुणा निघून जातो, आणि अर्धें राहिलेलें पत्र त्याच शब्दापाशीं वाट पाहत असतें.