छातीचा फोटो आणि आपल्या खाणी

आमच्या भंडारा जिल्ह्यात एक्स-रेला लोक अजूनही 'फोटो'च म्हणतात. पण या फोटोत यंत्राकडे तोंड नसतं, पाठ असते. असं का, याचं उत्तर माहीत असणं आपल्या लोकांसाठी जरुरी आहे.

राँटजेनने जर्मनीत ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही मँगनीज खणणारी इंग्रज कंपनी निघाली. आजची मॉइल तिचीच वारस. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी मॉइलच्याच. म्हणजे छातीत डोकावणारा किरण आणि ही खाण कंपनी जवळपास एकाच वयाचे. धुळीच्या रोगांचे एक्स-रे वाचायची एकसारखी पद्धत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठरवली ती मात्र बरीच नंतर.

पद्धत ठरली, तरी फोटो नीट निघायला हवा. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस बहुतेकदा फुफ्फुसाच्या वरच्या भागात आधी दिसतो. क्षयाचा डागही बहुधा तिथेच. आणि नेमकी तिथेच खांद्याच्या फऱ्याची, वेणीची सावली पडते. म्हणून छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपर पुढे. म्हणजे फरे बाजूला सरकतात. नळी सुमारे सहा फूट मागे असते. हृदय प्लेटजवळ राहिल्याने ते फुगवून दिसत नाही. झोपवून, समोरून काढलेल्या फोटोत तेच हृदय मोठं वाटतं.

मग हुकूम येतो, 'दम भरा, रोखा.' मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'दम' दोन्हीकडे श्वासच. तो पूर्ण भरला नाही तर फुफ्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो, नसलेला आजार असल्यासारखा.

आपल्या माय-बहिणींना सांगावंसं वाटतं : गळ्यातला धातूचा तावीज, हार, पिना काढून ठेवा, वेणी वर बांधा. संकोच वाटला तर बाई कर्मचारी आहे का विचारा, अंगावर घ्यायला गाऊन मागा. लाजेपोटी अर्धवट उभं राहू नका. त्याच कागदावर कुणाची दवा सुरू होते, तर कुणा मजुराची भरपाई ठरते. फऱ्याआड डाग लपला, तर दोन्ही राहून जातात.