भगंदर : न सांगितलेलं दुखणं

युद्धाच्या इतिहासात तलवारीच्या जखमांची मोजदाद होते, बसण्याच्या जागेच्या जखमेची होत नाही. आज तिच्याबद्दल बोलतो. जेवत असाल तर हा भाग नंतर ऐका.

गुदद्वाराजवळ गळू होतं, फुटतं आणि आतून बाहेर एक नळी तयार होते. तिच्यातून पू झिरपत राहतो. हा भगंदर. सुश्रुतानं तो आठ महागदांत, म्हणजे बरे व्हायला अतिशय कठीण अशा रोगांत धरला. इंग्लंडात जॉन आर्डर्ननं १३७६ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. काळ शंभर वर्षांच्या युद्धाचा आणि त्याच्या रुग्णांत खोगिरावर आयुष्य काढलेले सरदार.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईलाही तो झाला. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्सायला शार्ल-फ्रांस्वा फेलिक्सनं भूल न देता शस्त्रक्रिया केली. भूल तेव्हा नव्हतीच. त्याआधी त्यानं गरीब रुग्णांवर हात बसवून घेतला होता. त्यांची नावं इतिहासात नाहीत. राजा १७१५ पर्यंत जगला.

राजाचं दुखणं त्याच वर्षी कापलं गेलं. साध्या माणसाचं वर्षानुवर्षं वाहत राहतं, आणि खरा धोका तिथेच आहे. सतत सुजणाऱ्या, भरणाऱ्या, पुन्हा फुटणाऱ्या जागेत क्वचित कर्करोग उगवतो. पण ओळखायचा कसा? कर्करोगामुळेही तिथे भगंदर होऊ शकतो. मग आधी कोण? १९३४ साली अमेरिकी शल्यवैद्य कर्टिस रॉसरनं कसोट्या घातल्या : भगंदर निदान दहा वर्षं जुना हवा, त्याचं आतलं तोंड गाठीत नव्हे, गुदमार्गात उघडलेलं हवं, आणि गुदाशयात गाठ असलीच तर ती भगंदरातूनच पसरलेली हवी. ही दहा वर्षांची अट मला एखाद्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीसारखी वाटते. साक्षीदार जुना, आरोपी नवा.

हा रोग नळीच्या भिंतीत वाढतो. आतलं अस्तर स्वच्छ दिसतं, दुर्बिणीलाही चकवतं. रुग्ण म्हणतो, जुनंच आहे. स्राव शेंबडासारखा चिकट होणं, रक्त, कठीण गाठ, वाढती वेदना, असं काही दिसलं तर नळीचाच तुकडा काढून तपासावा लागतो. क्रोन्स हा आतड्याचा आजार जुना असेल तर जास्तच सावध राहावं लागतं.

फौजेत मी पाहिलंय : गोळी लागलेला जवान जखम दाखवतो. हे दुखणं असलेला, पँटला डाग पडला तरी, सिक रिपोर्टला जात नाही. मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, बराकीत हसतील, आणि घरी सांगणार कुणाला? आमचा एक ड्रायव्हर अख्खी पोस्टिंग एका कुल्ल्यावर बसून गाडी चालवत होता. सगळ्यांना वाटायचं, ती त्याची ऐट आहे.

सुश्रुताच्या क्षारसूत्राला बनारसमध्ये पी. जे. देशपांडे यांनी नव्यानं उभं केलं. ते पुढच्या भागात. जय हिंद.