स्पॅम फोल्डर आणि क्वारंटाइन: अडकलेला मेल कसा सोडवायचा आणि कोणत्या मेलला हात लावायचा नाही

नोकरीसाठी अर्ज केलाय, तीन आठवडे झाले तरी उत्तर नाही. इनबॉक्स रोज बघताय, सर्चमध्ये कंपनीचं नाव टाकून पाहिलंत, काहीच नाही. अशा वेळी मेल आलेलाच नसतो असं नाही, कधी कधी तो स्पॅम फोल्डरमध्ये पडून असतो. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचे पुसून टाकतं. म्हणजे इंटरव्ह्यूचं बोलावणं तुमच्याच फोनमध्ये येऊन, तुम्हाला न कळता निघूनही जाऊ शकतं.

मी बॅकएंड इंजिनिअर आहे आणि आमच्या ॲपमधून युजर्सना मेल पाठवणारा भाग माझ्याकडे असतो. ‘मेल आलाच नाही’ अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्पॅम बघितलंत का? म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊया.

फिल्टर ठरवतो कसं?

नको असलेल्या मेलचा त्रास जुनाच आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. तो पहिला स्पॅम मानला जातो. पुढे २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायची पद्धत मांडली आणि ती लोकप्रिय झाली. कल्पना सोपी आहे. कोणता शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, हे मोजायचं आणि त्यावरून नव्या मेलचा अंदाज बांधायचा.

आजचे फिल्टर शब्दांपुरते थांबत नाहीत. मुख्यतः या गोष्टी बघितल्या जातात:

• पाठवणारा खरा आहे का? यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्या असतात. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं, हे डीमार्क सांगतं.
• पाठवणाऱ्याची पत कशी आहे? त्या सर्व्हरवरून आधी आलेले मेल लोकांनी स्पॅम म्हणून रिपोर्ट केलेत का?
• मजकूर, लिंक आणि अटॅचमेंट संशयास्पद आहेत का?
• तुम्ही स्वतः त्याच्या मेलचं काय करता? उघडता, उत्तर देता की स्पॅममध्ये टाकता?

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. शिवाय स्पॅम रिपोर्टचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. मोठ्या कंपन्या हे सगळं सांभाळतात. पण एखाद्या छोट्या स्टार्टअपने किंवा कॉलेजने ही सेटिंग नीट केलेली नसेल, तर त्यांचा अगदी खरा मेलही स्पॅममध्ये जाऊ शकतो.

फोनवर मेल कसा शोधायचा?

१. जीमेल ॲपमध्ये डावीकडच्या तीन रेघांवर टॅप करा आणि खाली ‘स्पॅम’ उघडा.
२. लक्षात ठेवा, जीमेलचा नेहमीचा सर्च स्पॅममध्ये शोधत नाही. त्यासाठी सर्चमध्ये इंग्रजीत ‘इन’, मग कोलनचं चिन्ह आणि लगेच ‘स्पॅम’ असं जागा न सोडता टाइप करा, आणि पुढे कंपनीचं नाव.
३. मेल ओळखीचा असेल तर उघडा. तो स्पॅममध्ये का गेला याचं कारण वरच्या पट्टीत दिलेलं असतं, ते वाचा.
४. खात्री पटली तर ‘नॉट स्पॅम’ निवडा. मेल इनबॉक्समध्ये येतो आणि फिल्टरही त्यातून शिकतो.
५. पाठवणाऱ्याचा पत्ता कॉन्टॅक्ट्समध्ये सेव्ह करा.

एवढं करूनही त्याच पत्त्यावरचे मेल पुन्हा अडकत असतील तर लॅपटॉपवर जीमेल उघडा, कारण फिल्टर बनवायची सोय मोबाइल ॲपमध्ये नाही. सेटिंग्जमधल्या ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’मध्ये नवा फिल्टर बनवा, पाठवणाऱ्याचा पत्ता टाका आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर टिक करा. हे फक्त एका नेमक्या पत्त्यासाठी करा. आख्खं जीमेलचं डोमेन टाकलंत तर जीमेलवरून येणारा सगळा कचरा थेट इनबॉक्समध्ये येईल.

क्वारंटाइन म्हणजे काय?

कॉलेज किंवा ऑफिसच्या मेलवर आणखी एक थांबा असतो. संशयास्पद मेल तुमच्या मेलबॉक्सपर्यंत येतच नाही, तो सर्व्हरवर वेगळा अडवून ठेवला जातो. हेच क्वारंटाइन. त्यामुळे तो तुमच्या स्पॅम किंवा जंक फोल्डरमध्येही दिसत नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये यासाठी वेगळं क्वारंटाइन पेज असतं. ॲडमिनने परवानगी दिली असेल तर तिथे तुम्ही मेलचा प्रिव्ह्यू बघू शकता, ‘रिलीज’ करू शकता किंवा डिलीट करू शकता. फिशिंगची जास्त खात्री असलेला मेल मात्र तुम्हाला स्वतः सोडवता येत नाही, फार तर ॲडमिनकडे विनंती करता येते. गूगल वर्कस्पेसच्या ॲडमिन क्वारंटाइनमध्ये तर निर्णय पूर्णपणे ॲडमिनचाच. इथेही मुदत असते, त्यामुळे महत्त्वाचा मेल अपेक्षित असेल तर आयटी विभागाला पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि विषय लगेच कळवा.

रिलीज करण्याआधी हे बघा

स्पॅममध्ये सापडलेला प्रत्येक ऑफर लेटर खरा नसतो. फिल्टरने तो उगाच अडवला असंही नेहमी नसतं.

• नाव नको, पूर्ण पत्ता वाचा. नाव मोठ्या कंपनीचं आणि पत्ता साध्या जीमेलचा असेल तर थांबा. एखादं अक्षर बदललेलं डोमेनही नजरेतून सुटतं.
• मेलचे तपशील उघडून सही कोणत्या डोमेनची आहे ते पाहा. पण सही बरोबर असली म्हणजे मजकूर खरा असं नाही. मेल त्या डोमेनवरून आला एवढंच ती सांगते, आणि डोमेन तर ठगही विकत घेतात.
• रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ओटीपी यातलं काहीही मागितलं तर विषय संपला.
• ‘तुमचे ५ मेल क्वारंटाइनमध्ये आहेत, सोडवण्यासाठी लॉगिन करा’ असे खोटे मेलही सर्रास येतात. त्या लिंकवर जाऊ नका. क्वारंटाइनचं पेज स्वतः उघडा.
• शंका असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको.

पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

अनसबस्क्राइब की रिपोर्ट स्पॅम?

तुम्ही स्वतः नाव नोंदवलेल्या दुकानाचे किंवा ॲपचे मेल नकोसे झाले तर अनसबस्क्राइब करा. अनोळखी मेलसाठी ‘रिपोर्ट स्पॅम’ वापरा आणि त्यातली कोणतीही लिंक उघडू नका, अनसबस्क्राइबचीसुद्धा. लिंक दाबली की तुमचा पत्ता चालू आहे हे समोरच्याला कळतं. आणि नुसता कंटाळा आला म्हणून बँकेच्या किंवा कॉलेजच्या मेलवर रिपोर्ट मारू नका, पुढचा कामाचा मेलही स्पॅममध्ये जाऊ शकतो.

ॲडमिशन, प्लेसमेंट किंवा नोकरीचा शोध चालू असेल तर मोबाइलमध्ये दर रविवारचा एक रिमाइंडर लावा: ‘स्पॅम बघ’. दोन मिनिटांचं काम आहे आणि ३० दिवसांच्या मुदतीत किमान चार वेळा तपासून होतं.