ब्रह्मी स्त्रीचे पारंपरिक स्थान आणि रत्नागिरीतील राजकन्या : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना :
ब्रह्मदेशातील स्त्री पौर्वात्य समाजांत विशेष स्वतंत्र आहे, असे मत एकोणिसाव्या शतकातील अनेक ब्रिटिश लेखकांनी मांडले. त्याच ब्रिटिश सत्तेच्या नजरकैदेत ब्रह्मदेशाच्या चार राजकन्या रत्नागिरीत वाढल्या. या दोन बाबी एकत्र पाहिल्यास पारंपरिक हक्कांचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

पारंपरिक स्थान :
ब्रह्मी समाजात विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलत नसे. विवाह हा धार्मिक संस्कार नसून परस्परसंमतीचा करार मानला जाई. 'धम्मसत्' या विधिग्रंथांच्या परंपरेत विवाहकाळातील मिळकतीवर पत्नीचा हक्क, मुलींना वारसा आणि घटस्फोटाची मुभा होती. बाजारातील किरकोळ व्यापार मुख्यत्वे स्त्रियांच्या हाती असे. मात्र भिक्षुसंघाची पूर्ण दीक्षा पुरुषांपुरतीच राहिली. बहुपत्नीकत्वासही मान्यता होती.

रत्नागिरीतील अनुभव :
नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले इंग्रजांच्या ताब्यात गेले. राजा थिबा व राणी सुपायालात यांना मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. मंडालेच्या दरबारात राणीचा मोठा प्रभाव होता. येथे मात्र कुटुंबाचे निर्वाहवेतन, प्रवास, एवढेच नव्हे तर राजकन्यांचे विवाह हेही शासकीय पत्रव्यवहाराचे विषय झाले. थोरली राजकन्या फाया जी हिचे पदरी असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी संबंध जुळले. ते विवाहित होते. १९०६ मध्ये कन्या टुटू जन्मली. १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले व १९१९ मध्ये कुटुंब रंगूनला परतले. फाया जी मात्र पुढे रत्नागिरीस आली आणि १९४७ मध्ये तेथेच निवर्तली. टुटूचे आयुष्य रत्नागिरीतच, मराठी भाषेत आणि हलाखीत गेले.

निष्कर्ष :
ब्रह्मी स्त्रीचे हक्क नातेवाईक, गावातील ज्येष्ठ आणि बाजारपेठ यांच्या आधाराने टिकून होते. हद्दपारीने हा आधारच तुटला. मंडालेच्या बाजारातील सामान्य विक्रेतीस व्यवसाय, वारसा आणि ज्येष्ठांचा पाठिंबा यांचा जो आधार होता, तो राजकन्येस लाभला नाही. म्हणून रूढीने दिलेल्या हक्काचे मूल्यमापन करताना तो अमलात आणणारा समाज त्या स्त्रीभोवती होता किंवा नाही, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.