हलशी : एका प्रश्नाचे उत्तर

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती पाहून आम्ही विद्यार्थ्यांसह खानापूर तालुक्यातील हलशीस आलो. रट्टांचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली उभारलेल्या त्या जैन मंदिरातील छताचे पाषाणकमळ अद्याप मुलांच्या डोळ्यांपुढे होते. येथे भूवराह-नरसिंहाच्या समोरासमोरच्या गर्भगृहांपुढे एकाने विचारिले, “हे देऊळ कानडी की मराठी?” सीमाभागात वाढलेल्या मुलास हा प्रश्न पडावा, यात नवल ते काय?

हलशी म्हणजे प्राचीन पलाशिका. पाचव्या शतकात कदंब नृपती मृगेशवर्म्याने येथे पित्याच्या स्मरणार्थ जिनालय बांधिले. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडीच्या कारकिर्दीत येथे नरसिंहाची उपासना राजाश्रयाने वाढली. हे राजे स्वतःस सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले म्हणवीत. आणि त्याच सप्तकोटीश्वराचे नार्वे येथील देवालय १६६८ साली शिवछत्रपतींनी पुन्हा उभारविले.

राज्ये गेली, राजभाषा पालटल्या. पूजा मात्र अखंड राहावी म्हणून कोणी ना कोणी झटत आले. आम्ही त्या मुलास इतकेच सांगितले, “बाळ, देऊळ कोणाचे हे विचारण्याआधी ते कोणाकोणाच्या हातांनी राखिले, हे शोध.”